मदत हवी आहे: पुनर्विकासात मंडळाची जागा कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी. लालबागमधल्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरतोय. नकाशात प्रत्येक बिऱ्हाडाचा फ्लॅट आहे, पण क्रीडा मंडळाची खोली आणि कबड्डीचं मैदान कुठेच नाही. १९८२च्या गिरणी संपात याच खोलीतून घरोघरी धान्य गेलं. आजही संध्याकाळी मुली इथेच सराव करतात, दहावीची पोरं रात्री अभ्यासाला बसतात. महिलांच्या मैदानाला १२ बाय ८ मीटर लागतात, एवढंच मागतोय.

मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, भाडेपावती मात्र जुन्या अध्यक्षांच्या नावावर आहे. खोली मंडळाच्या नावे मिळेल का? विकासकाशी करारात नेमकं काय लिहून घ्यावं? कुणाच्या मंडळाला टॉवरमध्ये जागा मिळाली असेल, तर कृपया सविस्तर सांगा. सह्या लवकरच होणार आहेत.