हेलिओस ४४: नाव सोडा, लेन्स उलटी करा

ताई, काकांच्या झेनिट या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यावरची हेलिओस लेन्स ४४-२ आहे की ४४एम, हे पुढच्या पट्टीवरचं नाव पुसट झाल्यामुळे कळत नाही म्हणालात. अहो, लेन्स उलटी करा. मागे आट्यांजवळ आत दाबली जाणारी बारीक पिन दिसली तर ४४एम किंवा तिच्या पुढची. पिन नाही आणि ॲपर्चरला (उजेड आत येण्याच्या भोकाला) दोन रिंगा, एक आकडा ठरवायची, दुसरी ते भोक लहान करणारी पाती मिटवायची, तर ४४-२. तिची पाती ८. सगळ्यात जुनी चंदेरी ४४ असेल तर पाती १३, आणि आट्या बहुतेक ३९ मिमीच्या. ४२ मिमीचा ॲडॅप्टर (लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला जोडायची कडी) घेऊन बसाल नि तो बसणार नाही!

वरच्या प्रतिसादात एकाने लेन्सवरच्या अनुक्रमांकाबद्दल 'नंबर म्हणजेच वर्ष' असं ठोकून दिलंय. पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात, ७८ म्हणजे १९७८, पण सरसकट नाही. कारखान्याचा शिक्काही बघा: लोलकातून जाणारा किरण असेल तर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा.

माझी ४४-२ गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळाली. विकणारा 'जर्मन आहे' म्हणत होता. अगदीच खोटं नाही, रचना झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरूनच उचललेली. घरी येऊन टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तरी संध्याकाळी रामकुंडावर एफ/२ ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दिवे टिपले, मागचे ठिपके गरगरले, आणि बुरशी माफ केली. तुम्हीही आधी टॉर्च मारून बघा.