टूरिंग बाईकला ऑइल टेंपरेचर गेज लावायचंय, सेन्सर कुठे बसवू?

लांबचापल्ला
नमस्कार मंडळी. माझी बाईक एअर-ऑइल कूल्ड आहे, म्हणजे पुढे छोटा ऑइल कूलर आहे पण पाणी-रेडिएटर काही नाही, आणि मीटरवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा सोडला तर इंजिन आतून किती तापलंय ते कळायला काहीच सोय नाही. दोन्ही बाजूंना बॉक्स, मागे बायको, वर तंबू असं सगळं लादून लांब चढण चढलो किंवा ट्रॅफिकमध्ये बराच वेळ रांगत राहिलो की गिअर जड पडायला लागतात, उभं राहून न्यूट्रल तर सापडतच नाही, आणि आवाजही जरा कोरडा वाटतो. गार झाली की परत सगळं मस्त. ऑइल जास्त तापतंय असा संशय आहे पण नुसत्या अंदाजावर ग्रेड बदलायचा नाहीये, आधी आकडा बघायचाय. ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारं काट्याचं थर्मामीटर, ड्रेन बोल्टमध्ये सेन्सर, नाहीतर फिल्टरखाली अडॅप्टर प्लेट असे तीन प्रकार दिसतायत. कोणी यातलं काही लावलंय का, कशाचा भरवसा धरायचा?

पाना_दहाबारा
झाकणवालं थर्मामीटर सगळ्यात सोपं, ना वायर ना काही, पण ते चालवताना बघता येत नाही, थांबून वाकून बघायचं आणि तोवर आकडा बदललेला. शिवाय त्याची दांडी तुमच्या मॉडेलसाठीच्याच लांबीची हवी कारण बऱ्याच इंजिनांत त्या झाकणामागे क्लच फिरत असतो आणि लांब दांडी त्याला लागली तर काय होईल ते सांगायला नको.

मी ड्रेन बोल्टच सांगेन. फक्त एक गोष्ट, मूळ बोल्टला भोक पाडून त्यात सेन्सर घालायच्या भानगडीत पडू नका. जे नेहमीचे १/८ एनपीटी (निमुळत्या पाईप-आट्यांचं एक माप) आट्यांचे सेन्सर मिळतात त्यांचाच व्यास १० मिलिमीटरच्या थोडा वर असतो, एम१२ च्या बोल्टमध्ये तो गेला की भिंत उरतच नाही, आणि एम१४ मध्ये उरते ती जेमतेम एक मिलिमीटर. सगळं ऑइल त्या बोल्टवर उभं असतं, तो चालत्या गाडीत तुटला तर ऑइल थेट मागच्या टायरवर. ज्याचा बोल्ट म्हणजेच सेन्सर आहे असा तयार घ्या. व्यासाबरोबर पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरही मोजा, १.५ पण असतो आणि १.२५ पण असतो, चुकीचा पिच एक-दोन आटे आत जातो आणि मग ॲल्युमिनियमचं चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाला ऑइल साठतं तो भाग, कापत जातो. वायसर नवीनच टाका, टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून. आणि सेन्सरचं टोक आत जाळीला टेकत नाही ना ते बोल्ट घट्ट करायच्या आधी नक्की तपासा.

थंडडोकं
ड्रेन बोल्टवाल्यांना माझा थोडा विरोध आहे. पिस्टन आणि हेडवरून तापून आलेलं ऑइल चेंबरमध्ये पडतं हे बरोबर, पण बोल्टचं डोकं बाहेर वाऱ्यात असतं, हायवेवर ते गार होत राहतं आणि आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. वर ती गाडीची सगळ्यात खालची जागा, खडीच्या रस्त्यावर एक दगड उडाला की कनेक्टर गेला. खाली बॅश प्लेट (इंजिनच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) नसेल तर मी तिथे वायर नेणारच नाही. फिल्टरखालच्या प्लेटमधून वाहतं ऑइल जातं म्हणून तिथला आकडा मला जास्त पटतो. अर्थात फिल्टर बाहेरून फिरवून बसणारा असेल तरच, आणि प्लेटच्या जाडीएवढा फिल्टर पुढे सरकतो तेव्हा सायलेन्सरच्या बेंड पाईपला लागत नाही ना ते बघून.

एक लक्षात घ्या, काही गाड्यांत ऑइल आधी कूलरमधून जाऊन मग फिल्टरला येतं तर काहींत उलटं. कूलरनंतरचा आकडा आणि चेंबरमधला आकडा एकच नसतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या गाडीशी तुलना करायची तर आधी त्याचा सेन्सर कुठे आहे ते विचारायचं.

लांबचापल्ला
दोघांचे आभार. माझा फिल्टर केसिंगच्या आत बसणारा कागदी आहे म्हणजे प्लेटचा विषयच संपला. बॅश प्लेट आहे. तर ड्रेन बोल्टच. आता वायरिंगचं सांगा, आणि गेज एका कंपनीचं नि सेन्सर दुसऱ्या कंपनीचा चालतो का?

वायरजोड
नाही चालत, किंवा चाललाच तर योगायोग. आतला थर्मिस्टर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, पण कुठल्या तापमानाला किती ओहम हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. गेज ज्या कर्व्हचं त्याच कर्व्हचा सेन्सर हवा. बसवायच्या आधी सेन्सर गेजला जोडून उकळत्या पाण्यात बुडव, सेन्सरची बॉडी वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला लाव, १०० च्या आसपास दाखवायला पाहिजे. समुद्रसपाटीपासून उंच राहत असशील तर पाणी आधीच उकळतं, ३००० मीटरवर साधारण ९० लाच, तेवढं धरून चल.

सप्लाय इग्निशन ऑन झाल्यावर येणारा घे, एक-दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज टाक. वायर बेंड पाईपपासून लांब, उष्णता झेलणाऱ्या स्लीव्हमधून, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघ कुठे ताणली जात नाही ना. सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा होतो. एका वायरचा सेन्सर इंजिनच्या बॉडीतूनच अर्थ घेतो, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला की तो अर्थ कमजोर होऊ शकतो आणि मग गेज कमी तापमान दाखवतं, म्हणजे इंजिन भाजतंय आणि तू निवांत. काटा तळाशीच बसला असेल तर वायर तुटलेली, चावी फिरवल्या फिरवल्या पूर्ण गरमवर गेला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. हेडलाईट लावल्यावर आकडा उडी मारतो तेव्हा गेजचा अर्थ तपास.

उकळबिंदू
आकड्यांचं मी सांगतो. ९० ते ११० म्हणजे उत्तम. लादलेल्या एअर-ऑइल कूल्ड गाडीवर चढणीला १२० दिसलं तर घाबरू नका, १३० च्या वर जायला लागलं की थ्रॉटल कमी करा, आणि तिथेच बराच वेळ राहत असेल तर ऑइल लवकर बदलायचं. ८० च्या खालीच राहणंही चांगलं नाही, आतला ओलावा उडून जात नाही, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांनी हे बघावं. ऑइल सावकाश तापतं आणि सावकाशच उतरतं, सुरू केल्यावर काटा लगेच हलला नाही म्हणून गेज बिघडलंय समजू नका. आणि तापली म्हणून इंजिन चालू ठेवून उभे राहू नका, कूलरला वारा लागत नाही, एकतर हळू चालवत राहा नाहीतर बंद करा.

१०डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० डिग्रीला मोजलेल्या जाडीवरून ठरतो, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक). ५० च्या ग्रेडचं १६.३ पासून २१.९ पर्यंत. १३० ला दोन्ही पातळ होतात पण ५० वालं थोडं जाड राहतं, म्हणून मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच उन्हाळ्याच्या टूरला तो बदल करण्यात अर्थ आहे. तुमचा क्लच ऑइलमध्येच फिरत असेल तर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलंच घ्या.

पण तुमचं लक्षण वाचून मला ऑइलइतकाच क्लचवर संशय येतोय. गरम झाल्यावर उभं असताना न्यूट्रल न सापडणं म्हणजे बऱ्याचदा क्लच पूर्ण सुटत नाहीये. गेज लावल्यावर गिअर जड पडतील त्या क्षणी आकडा बघा. १०५ ला पण जड पडत असतील तर ऑइलवर पैसे घालू नका, क्लच केबलचा प्ले (लिव्हरची मोकळी चाल) बघा, मग क्लच प्लेट उघडा.

लांबचापल्ला
क्लचचं डोक्यातच आलं नव्हतं. केबलचा प्ले तर आजच बघतो, गेज येईपर्यंत थांबायची गरज नाही. ड्रेन बोल्टचे आटे पुढच्या ऑइल बदलीला मोजून मग सेन्सर मागवतो.

पाना_दहाबारा
कनेक्टर बोल्टपासून वीतभर वर ठेवा, हाताला येईल असा. पुढे दर वेळी ऑइल काढताना आधी तो सोडायचा, नाहीतर बोल्टबरोबर वायरही पीळ खात फिरते आणि सेन्सरच्या मुळाशी तुटते.