घरात आर.ओ. आहे, सॅनिटायझर आहे, फिनेल आहे, तरी जुलाब फिरून फिरून येतायत. काय चुकतंय?

गावभागातली_सून

सांगलीत गावभागात राहतो. घरात सात माणसं. सासू-सासरे, मावससासूबाई, आम्ही दोघं, थोरला दुसरीत आणि धाकटी चौदा महिन्यांची. गणपती झाल्यापासून जुलाब-उलट्यांची ही तिसरी फेरी. आधी थोरला, तो सावरतोय तोवर धाकटी, मग मी. डॉक्टर म्हणतात, "घरातली स्वच्छता बघा." आता अजून काय बघू? २०१९ च्या पुरानंतर घर दुरुस्त केलं तेव्हाच आर.ओ. बसवला. दारात सॅनिटायझरची बाटली असते. फरशी दोनदा फिनेलने पुसते. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "दवाखाना काढलाय काय गं?"

सासऱ्यांचं एकच पालुपद, "आम्ही घाटावरनं उड्या मारत कृष्णामाईचं पाणी प्यायलो, आम्हाला काय धाड भरली नाही." माझ्याकडे उत्तर नसतं. कुणाचा असा अनुभव आहे का?

विटेकर_भाऊ

पाण्यात तुरटी फिरवा. आमच्या आईने आयुष्यभर तेच केलं. बाकी सगळं कंपन्यांचं खूळ.

रिटायर्ड_सिस्टर

विटेकर भाऊ, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पाणी निवळशंख दिसतं. जंतू मरत नाहीत. पुरानंतर आम्ही घरोघरी हेच सांगत हिंडलो. आधी निवळा, मग क्लोरीन टाका नाहीतर उकळा.

आता सूनबाई, तुम्ही. वय माझ्या सुनेएवढं दिसतंय, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी वाळवा तालुक्यात अठ्ठावीस वर्षं आरोग्य सेविका होते. तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाही. आर.ओ.चं पाणी निघाल्यावर जातं कुठं? कशात भरतेस, आणि माणसं त्यातून घेतात कशाने?

गावभागातली_सून

तांब्याच्या हंड्यात. सासूबाईंचा आहे, माहेरचा. वर ताट झाकलेलं असतं. घेतात म्हणजे... तांब्या बुडवूनच घेतात की सगळे. थोरला पेला बुडवतो.

रिटायर्ड_सिस्टर

सापडलं बघ, निदान निम्मं तरी.

नळाच्या पाण्यात पालिका क्लोरीन घालते. ते घरापर्यंत थोडं शिल्लक राहावं लागतं. गावात जलसुरक्षक नळाखाली छोटी नळी धरून ओटी टेस्ट करतो. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात अजून राखणदार आहे. कुणाचा एखादा मळका हात लागला तरी तो थोडंफार निभावून नेतो. तुझा आर.ओ. जंतूही काढतो आणि हा राखणदारही काढतो. पाणी चोख, पण उघडं. त्यात थोरल्याने शी करून आल्यावर नुसता पाण्याखाली धरलेला हात, पेल्यासकट, मनगटापर्यंत बुडवला की संपलं. दिवसभर सातही जणं तेच पितात. म्हणून तर एक बरा होतोय तोवर दुसरा पडतो.

हंड्याला तोटी बसवून घे. हंड्याला भोक पाडायला सासूबाई तयार होणार नाहीत, मला माहितीय. मग जुन्या बाजारात लांब दांड्याचं ओगराळं बघ, मिळालं तर. ते वर खिळ्याला टांगायचं, हंड्यात किंवा ताटावर ठेवायचं नाही. आणि हंडा रोज रिकामा करून आतून घासायचा, काल उरलेल्यात आज भर टाकायची नाही. तांब्यावर फार विसंबू नकोस. त्याला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे तर दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी हात बुडवतंय.

सॅनिटायझरचं म्हणशील तर मातीने, तेलाने, शीने भरलेल्या हातावर ते नीट चालत नाही. जुलाब-उलट्या करणारे काही विषाणूही त्याला दाद देत नाहीत. साबण लावून वीस सेकंद चोळ, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली. साबण मारण्यापेक्षा वाहून नेण्याचं काम जास्त करतो, म्हणून चोळणं महत्त्वाचं. आमच्या अंगणवाडीतली पोरं 'ये रे ये रे पावसा' दोनदा म्हणत हात धुवायची. थोरला नाक मुरडेल, पण धाकटीला वळण लागेल.

फिनेलवर भर कमी दिलास तरी चालेल. फरशी कुणी चाटत नाही. हां, धाकटी रांगत असेल तर चाटते, ते खरं. पण फिनेलपेक्षा ओट्यावरच्या फडक्याकडे बघ. एकाच ओल्या फडक्याने ओटा, हात, ताट, कढईचा कान, सगळं पुसतेस ना? वेगवेगळी फडकी ठेव, रोज धू आणि कडकडीत उन्हात टाक. पावसाळ्यात ऊन नसलं तर इस्त्री फिरव.

आणखी एक. ज्याला जुलाब होतायत त्याने थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. या खेपेला तू आजारी असताना भाकरी कुणी थापल्या?

गावभागातली_सून

मीच.

रिटायर्ड_सिस्टर

वाटलंच होतं. ते तुझ्या एकटीचं पाप नाही, घरातल्या बाकी सहांचं आहे.

कराडचा_मेस्त्री

सिस्टर बरोबर बोलतायत. एक भर घालतो. संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र टाकू नका. माझ्या भावजयीने पुरानंतर तसं केलं, म्हणे डबल ताकद. त्यातनं क्लोरीनचा गॅस निघतो. खोकत खोकत अंगणात येऊन पडली बिचारी. आणि ती पावडर उघड्या पिशवीत राहिली की जोर जातो, वास येतो पण काम करत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.

सासऱ्यांना विचारा, ते किती भावंडं होती आणि किती जगली. माझ्या आजोबांनी तेच पाणी प्यायलं. आठातली चार राहिली. जी राहिली तीच आता किस्से सांगतात.

गावभागातली_सून

सांगते काय झालं ते. ओगराळं गणपती पेठेत एका भांड्याच्या दुकानात मिळालं, पितळी, वजनदार. थोरला त्याला 'पाण्याची पळी' म्हणतो. हंडा आता रोज संध्याकाळी चिंच-मीठ लावून घासते. सासूबाई आधी बोलल्या नाहीत, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच घासायला बसल्या, "तुला चकाकी येत नाही" म्हणून.

धाकटीला परवा पुन्हा दोनदा पातळ झालं. यावेळी घाबरले नाही. ओ.आर.एस.चं (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं) मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात कालवलं, मागच्या वेळी अर्धंच ग्लासात टाकलं होतं. डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्याही चौदा दिवस द्यायला सांगितल्यात, बरी झाली तरी थांबवायच्या नाहीत म्हणे. बाकी कुणाला काही झालं नाही, हे मात्र या खेपेला पहिल्यांदाच.

सासऱ्यांना भावंडांचं विचारलं. गप्प बसले बराच वेळ. मग म्हणाले, "सहा होतो. मी नि तुझ्या आत्यासासूबाई." त्यानंतर घाटाचं काही बोलले नाहीत.

आता एकच राहिलंय. सासूबाई पदराने धाकटीचं नाक पुसतात, त्याच पदराने ताट पुसून तिच्यापुढे ठेवतात. हे कसं सांगू?

रिटायर्ड_सिस्टर

सांगू नकोस. त्यांच्या कमरेला एक रुमाल खोचून दे, त्यांच्या आवडीच्या रंगाचा. माझ्या सासूबाईंना मोरपंखी लागायचा.