कंदुरीचं ताट सरकवलं, पण सहीच्या दिवशी गप्प बसलो

मोसंबीवाला_जालना (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

परवाच्या रविवारी संगतीत विषय होता, 'विश्वासाचं धाडस आपल्या घरापासून'. पाळकसाहेबांनी मार्क 5 वाचलं. भुतं निघालेला माणूस येशूबरोबर यायला निघतो, तर येशू त्याला म्हणतो, तू घरी जा, तुझ्या माणसांना सांग. मग नेहमीप्रमाणे मला साक्षीला (विश्वासानं आपल्या आयुष्यात काय घडलं ते सगळ्यांपुढं सांगायला) उभं केलं.

माझी साक्ष ठरलेली आहे. बाप्तिस्म्याला नऊ वर्षं झाली. गाव अंबड तालुक्यात. आई आणि थोरला भाऊ तिथंच राहतात आणि देवाधर्माचं सगळं करतात. दरसाली पिराची कंदुरी असते, म्हणजे पिराच्या नावानं बोकड कापून गावजेवण. पहिल्याच वर्षी भर पंगतीत मी ताट पुढं सरकवलं, "मी हे खात नाही" म्हणालो. भाऊ जेवण टाकून उठला. एवढीच साक्ष. लोक हालेलुया म्हणतात.

त्यात दोन गोष्टी मी कधी सांगत नाही. दुसऱ्या वर्षापासून आई बोकड कापायच्या आधीच माझ्यासाठी पिठलं करून ठेवते. वेगळी कढई, वेगळी पळी. गर्दीत कुणाचा हात लागू नये म्हणून झाकणावर वरवंटा.

दुसरी गोष्ट जमिनीची. चार वर्षांपूर्वी वडील गेले. सहा एकर, आम्ही दोघं भाऊ आणि जिंतूरला दिलेली धाकटी बहीण. आईचा हिस्सा धरला नाही तर दोन-दोन एकर. भावानं हक्कसोडपत्र करून आणलं. निबंधक कचेरीत मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिनं विचारलं, "दादा, कशाची सही हाय ही?" मी म्हणालो, "वाटणीची." ती अंगठ्याची शाई पदराला पुसत बाहेर आली. तिला एक साडी घेतली आणि एसटीत बसवून दिलं. माझ्या सातबाऱ्यावर दोनाचे तीन एकर झाले.

हे सगळं बाप्तिस्म्यानंतरचं आहे.

मला वाटतं, ताट सरकवायला धाडस लागलंच नव्हतं, भावावरचा राग पुरला. धाडस कचेरीत लागलं असतं. तो एकर परत करावा म्हणतो, तर बायको (तिचे आजोबा पाळक होते) म्हणते, स्वतःच्या लेकरांच्या तोंडचं काढता का. आणि तोवर ती साक्ष द्यावी की बंद करावी?

बेथेलच्या_वाटेवर

बंधू, तुमचा एकर तुम्ही बघा, पण ताट सरकवण्याला हलकं करू नका. तुम्ही जालन्यात राहता, कंदुरीपुरते गावी जाता. जो गावातच राहतो त्याला त्या एका ताटापायी वर्षभर कुणी औताला बैल देत नाही.

आपल्या बेथेलचे (जालन्याजवळची ख्रिस्ती वसाहत) नारायण शेषाद्री आठवा. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहायला आला, तर वडील कोर्टात गेले आणि पोराला परत घेऊन आले. त्याला जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईत केवढा वाद झाला, बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणून उभे राहिले. नारायणरावांचं घर सुटलं ते सुटलंच. ते तेव्हा घरच्यांची मनं सांभाळत बसले असते तर जालन्याला कोण आलं असतं?

आणि जमिनीचं म्हणाल तर लूक 12 वाचा. एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? वाटणी हा वेगळा विषय आहे.

मोसंबीवाला_जालना

लूक 12 मधला माणूस हिस्सा मागायला आला होता. मी हिस्सा दाबून बसलोय. सात अध्याय पुढं जक्कय आहे, जकातदार. तो परत द्यायला उभा राहतो तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. 'घराला' म्हणतो.

गोदाकाठ

एकर कालव्याखालचा आहे का कोरडवाहू? त्यावर बायकोचं म्हणणं किती खरं ते ठरेल.

मोसंबीवाला_जालना

कालव्याखालचा. जायकवाडीचा डावा कालवा. म्हणून तर.

अंबडची_सून

मला इथं लिहिणाऱ्या दोन्ही भावांचं पटत नाही. पुरुषमाणसं धाडसाबद्दल बोलतात तेव्हा ते बाहेर कुणाला तरी दाखवायचं असतं.

ना. वा. टिळकांचं सगळे सांगतात, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, काय हिंमत. बायकोला, लक्ष्मीबाईंना, आधी सांगितलंही नव्हतं. त्या लेकराला घेऊन पुढची काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. त्या काळातलं त्यांचं सोवळं, त्यांचं रडणं, त्यांचे टोमणे, सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. मग स्वतःच्या मनानं आल्या, 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ओढून आणलं नाही, हे मी त्यांचं मोठेपण मानते. पण 1895 ची किंमत कोणी भरली ते बघा.

माझं सासर ख्रिस्ती नाही, मी माहेरून विश्वासी. महालक्ष्म्यांच्या वेळी सोळा भाज्या मीच निवडून देते, पूजेला बसत नाही. सासूबाईंनी पहिली दोन वर्षं तोंड फिरवलं. आता त्याच शेजारणीला सांगतात, "तिला हाका मारू नका, ती तिच्या देवाची हाय." याला कुणी साक्ष म्हणून स्टेजवर बोलावत नाही, आणि मला जायचंही नाही.

दादा, तुम्ही बहिणीला अजून फोन केला नाही, इथं लिहिताय. आधी तिला विचारा.

सरळबोल्या

घरातल्या धाडसाचं बोलताय तर जातीच्या दाखल्याचंही बोला. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंना, 1956 पासून शीखांना, 1990 पासून बौद्धांना. ख्रिस्ती माणसाला नाही. म्हणून आपली अर्धी मंडळी रविवारी ख्रिस्ती आणि तहसीलमध्ये हिंदू. पोराचं अॅडमिशन आलं की बापाची साक्ष संपते.

अंबडची_सून

त्यात अन्याय कायद्याचा आहे, बापाचा नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं त्या पोराची जात विसरली का? वेगळा धागा काढा, तिथं भांडू.

थोरला_परभणी

मी ख्रिस्ती नाही. माझा धाकटा झालाय, म्हणून वाचत होतो. रागावू नका, पण एक सांगतो.

तुम्ही ताट सरकवलं तवा तुमच्या भावाला देवाचा अपमान झाला असं नाही वाटलं, त्याला वाटलं धाकटा आता आपल्या हातचं खाईना. बोकड त्यानं सहा महिने पोसलेला असतो. हे तुम्हाला तुमच्या चर्चात कुणी सांगत नाही.

दुसरं, हक्कसोडपत्र कोण घेत नाही? आमच्याकडं हिंदू घेतो, मुसलमान घेतो, तुमचे ख्रिस्तीही घेतात. आईचा दवाखाना, बहिणीची बाळंतपणं, भाच्याचं जावळ, हे त्या गावातल्या भावानं केलं ना? मग सहीला एकट्या त्याला गुन्हेगार करून तुम्ही एकर देऊन मोकळे होणार, आणि गावात बोलणी तो खाणार. "धाकट्यानं दिला, थोरल्यानं खाल्ला."

बेथेलच्या_वाटेवर

थोरले, हे मात्र खरं बोललात. मी लूक 12 सांगितलं तेव्हा हे डोक्यात नव्हतं. तरीही ताटाबद्दल मी मागं हटत नाही.

गोदाकाठ

कामाचं सांगतो. भावाला न दुखवता जमतं. हक्कसोडपत्र मोडायला जाऊ नका, कोर्टकचेरी होईल. तुमच्या नावावरच्या तीनातला एक एकर तुम्ही तुमच्या मर्जीनं बहिणीला बक्षीसपत्रानं द्या. एकर म्हणजे 40 गुंठे, तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी) बागायताला 10 गुंठे चालतात, अडचण नाही. फक्त भावाला कागद व्हायच्या आधी सांगा, नंतर नाही. आणि मत्तय 5:23 कुणीच कसं काढलं नाही? अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. साक्षीचं उत्तर तिथंच आहे.

मोसंबीवाला_जालना

दोन दिवस लिहिलं नाही. थोरल्यांचं लागलं जरा.

काल रात्री बहिणीला फोन केला. बराच वेळ पाऊस-कपाशीचं बोललो, मग एकदाचं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं व्हतं. तू खाली बगत व्हतास." मी विचारलं, मग सही का केलीस? म्हणाली, "भांडून माहेर तोडू का?" एकर दे म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही.

भावाला अजून सांगितलेलं नाही. ते मला कंदुरीपेक्षा जड जातंय.

अंबडची_सून

आणि रविवारी साक्षीला उभं केलं तर?

मोसंबीवाला_जालना

पाळकसाहेबांना निरोप दिलाय, या रविवारी नाही म्हणून. सकाळच्या गाडीनं आधी गावी जातो, भावाला घेऊन मंठ्यावरून जिंतूरला, तो आला तर. बायको येते का ते अजून ठरत नाही. लेकरांना मात्र आत्याकडं जायचंय.