मोहनकंस: बाबांच्या वर्षश्राद्धाला वाजवावा का?

मंद्रसप्तक: नमस्कार मंडळी. मी हौशी सतारवाला, आठेक वर्षं शिकतोय. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे, रात्री घरचीच पंधरा-वीस माणसं असतील तेव्हा थोडं काहीतरी वाजवावं असं मनात आहे. बाबांचा जीव मालकंस रागावर. परवा रविशंकरांचा मोहनकंस ऐकत होतो, आधी मालकंसच वाटला आणि मग अचानक शुद्ध गंधार आला (मालकंसात 'ग' फक्त कोमल असतो), चहाचा कप हातातच राहिला. गांधीजींच्या आठवणीत केलेला राग एवढंच माहितीये. त्याच्यासारख्याच जोगकंस रागापासून वेगळा कसा ओळखायचा? आणि घरी वाजवला तर चालेल का?

सुरेलताई: गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला. तेव्हा रेडिओवर तबल्याशिवाय काही गंभीर वाजवा असं रविशंकरांना सांगितलं गेलं, त्यांनी 'गांधी' या नावातलेच स्वर घेतले, ग नि ध, आणि त्यातून हा राग उभा राहिला. मोहन म्हणजे मोहनदास. जोगकंस आपल्या गायक जगन्नाथबुवा पुरोहितांनी केलेला, त्यातही दोन्ही गंधार (कोमल आणि शुद्ध 'ग') आहेत पण निषाद ('नि') शुद्ध लागतो, मोहनकंसात मालकंसाचाच कोमल. निषादावर कान ठेवा, गोंधळ होणार नाही.

जुना_श्रोता: ताईंची माहिती बरोबर, पण मला तरी नावातल्या अक्षरांपेक्षा तबला नसणं जास्त भिडतं. १९८४ ला इंदिराजी गेल्या तेव्हा मी शाळेत होतो, रेडिओवर नुसती सारंगी चालू होती, आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि कोणी काही बोलेचना. ठेका नसला की पुढे कुठे जायचं तेच कळत नाही, घरातलं माणूस गेल्यावर पहिले काही दिवस असेच तर असतात. तेव्हा दादा, फक्त आलाप, म्हणजे ठेक्याविना संथ विस्तार वाजवा, पुढच्या लय वाढवणाऱ्या जोड-झाल्याकडे जाऊच नका. आणि जमल्यास कुमार गंधर्वांचा गांधी मल्हार राग ऐका, तो १९६९ च्या जन्मशताब्दीचा, त्यात शोक नाहीच, गांधीजींचा कणखरपणा आहे. एकाच माणसाची आठवण दोघांनी किती वेगळी काढली बघा.

सुरेलताई: हो, आलापच. आणि पंचम ('प') वर्ज्य आहे, रागात लागतच नाही, हे विसरू नका, तानपुरा त्याऐवजी मध्यमावर ('म') लावा. तानपुऱ्याच्या मशीनवर पंचम तसाच राहिला तर सगळा रंग जाईल.

मंद्रसप्तक: खूप आभार दोघांचे. काल रात्री तानपुरा मध्यमावर लावून बसलो. शुद्ध गंधार मी सारखा घेत होतो, आई आतून म्हणाली, अरे तो सूर जरा कमी घे, आला की ह्यांची आठवण येते. आता वीस मिनिटांत दोन-तीनदाच घेणार आहे.