रीड रेप्लिका 'प्रमोट' करणे: 'बढती' म्हणावं का?

प्रश्न: मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ॲमेझॉन आरडीएसची (ॲमेझॉनची क्लाउडवरची डेटाबेस सेवा) टिपणं लिहितेय. 'रीड रेप्लिका'ला (मूळ डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची प्रत) 'वाचन-नक्कल' आणि 'प्रमोट'ला 'बढती देणे' असं केलंय. काही खटकतंय का?

उत्तर: 'नक्कल' नको. सातबाऱ्याची नक्कल काढली त्या दिवसापुरती खरी; तसा स्नॅपशॉट (डेटाबेसची एका क्षणाची प्रत) असतो. रेप्लिकेत मूळ डेटाबेसमधले बदल सतत येत राहतात, थोडे मागून का होईना. 'रेप्लिका'च ठेवा, मुलांना जड जाणार नाही.

दुसरं उत्तर: माझा आक्षेप 'बढती'ला आहे. बढती म्हटलं की वरची खुर्ची मिळाली, आधीचे साहेब गेले. आरडीएसमध्ये असलं काही होत नाही. समजा, मूळ डेटाबेस मुंबईत आणि रेप्लिका हैदराबादला आहे. (२०२२ च्या अखेरीस हैदराबाद सुरू होईपर्यंत ॲमेझॉनचं भारतात मुंबई हे एकच रीजन (डेटासेंटरांचा भौगोलिक विभाग) होतं, त्यामुळे दुसऱ्या रीजनमधली रेप्लिका देशाबाहेरच ठेवावी लागे.) हैदराबादची प्रमोट केली की रेप्लिकेशन (मूळ डेटाबेसमधले बदल येत राहणं) थांबतं, ती रीबूट होते आणि लिहिता येणारा स्वतंत्र डेटाबेस बनते. बस्स, एवढंच. मुंबईचा डेटाबेस जिवंत असेल तर तोही लिखाण घेतच राहतो. बाकीच्या रेप्लिका मुंबईच्याच मागे राहतात. एंडपॉइंट (ॲप्लिकेशन ज्या पत्त्यावर डेटाबेसशी जोडतं तो) आपोआप बदलत नाही; ॲप्लिकेशनला नवा पत्ता आपणच द्यायचा. ते राहिलं तर काही ऑर्डरी इकडे, काही तिकडे, आणि मग जुळवाजुळव करत बसा. शिवाय प्रमोट केलेली पुन्हा जोडता येत नाही, नवी रेप्लिका उभी करावी लागते. म्हणून 'विभक्त करणे' किंवा साधं 'स्वतंत्र करणे' लिहा.

रेप्लिकेशन असिंक्रोनस असतं (मूळ डेटाबेस रेप्लिकेची वाट पाहत नाही), हेही त्याच पानावर हवं. 'रेप्लिका लॅग' (रेप्लिका किती मागे आहे) ४० सेकंद असताना मुंबई कोसळली आणि तुम्ही हैदराबाद स्वतंत्र केली, तर त्या ४० सेकंदांतले व्यवहार तिथे नसू शकतात.

प्रश्नकर्ती: मग मल्टी-एझीचा (एकाच रीजनमधल्या वेगळ्या डेटासेंटरांत डेटाबेस ठेवण्याची सोय) स्टँडबाय?

दुसरं उत्तर: तो वेगळा. नेहमीच्या, एकाच स्टँडबायच्या मांडणीत तो सिंक्रोनस असतो (प्रत्येक बदल त्याच्याकडेही तेव्हाच पोचतो), त्याच्यावरून वाचता येत नाही, आणि फेलओव्हर झाला (मूळ पडून काम त्याच्याकडे गेलं) तरी एंडपॉइंट तोच राहतो. त्याला 'राखीव' म्हणा.

तिसरं उत्तर: 'बढती' अगदीच टाकू नका, ऑरोरात (आरडीएसमधला ॲमेझॉनचा स्वतःचा डेटाबेस) ती शोभते. तिथे रायटर (लिखाण घेणारा) आणि रेप्लिका एकाच स्टोरेजवर असतात. रायटर पडला की एक रेप्लिका त्याच्या जागी येते आणि क्लस्टर एंडपॉइंट तिच्याकडे वळतो. कोणाचा नंबर आधी, यासाठी ० ते १५ असे प्रमोशन टियर लावता येतात. आकडा लहान तो आधी. चक्क सेवाज्येष्ठता यादी!

आणि मूळ शब्द गाळू नका. मुलांना कन्सोलमध्ये (ॲमेझॉनच्या वेब-पानावर) 'प्रमोट'च दिसणार आहे. टिपणात नुसतं 'स्वतंत्र करणे' असेल तर बटण शोधत बसतील.