मदत हवी आहे : नव्या कामगार संहितांनुसार लहान कारखान्याचं पगारपत्रक

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करतो, माणसं चाळीसच्या आसपास. बाबा अजून रोज येतात, पण पगार, पीएफ आणि कागदपत्रं आता मी बघते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यात गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं घोडं पगारपत्रकापाशी अडलंय.

एका टर्नरचा पगार बघा. एकूण २८,०००. बेसिक १०,५००, घरभाडे ७,०००, प्रवासभत्ता ४,०००, स्पेशल अलाउन्स ६,५००. पीएफ बेसिकवर कापतो, १,२६०. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणून मी वेतन १४,००० धरलं. पीएफ १,६८०, म्हणजे त्याच्या हातात ४२० कमी. बरोबर आहे का? आणि ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आणि दोन पोरांची फी आहे, त्याला हे कसं सांगायचं? तुमच्याकडे कसं सांगितलंत?

दुसरं, टूल रूममधले एक काका १९९८ पासून आहेत. बाबांच्या शब्दावर आले, नेमणूकपत्र कधी झालंच नाही. कामगार वीस झाले तेव्हा, २००३ मध्ये, पीएफला नाव लागलं. आता पत्र द्यायचंय, त्यावर रुजू झाल्याची तारीख कोणती घालू?

तिसरं मला फार लागलंय. ठरावीक मुदतीवरच्या माणसाला आता वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळते, पूर्वीसारखी पाच वर्षांची अट नाही. आमचे सल्लागार म्हणतात, पत्रं अकरा महिन्यांची काढा. सीएनसीवर हात बसलेल्या पोराला दर अकरा महिन्यांनी घरी बसवायचं आणि पुन्हा बोलवायचं, हे मला पटत नाही. सरळ दोन वर्षांचं पत्र दिलं तर नेमका किती बोजा पडतो?

– शिरोली_मशीनशॉप

*

ताई, १४,००० नाही, १७,०००. वगळायच्या यादीत घरभाडे आहे, प्रवासभत्ता आहे, ओव्हरटाइम आहे. दर महिन्याला सरसकट दिला जाणारा स्पेशल अलाउन्स त्या यादीत नाही. तो आधीच वेतनात धरायचा आणि मग निम्म्याची कसोटी लावायची. मालकाचा पीएफही वगळलेल्या बाजूला येतो. तो धरूनही तुम्ही निम्म्याच्या आत आहात, त्यामुळे आणखी काही मिळवायचं नाही.

पीएफचं म्हणाल तर १७,००० ही रक्कम १५,००० च्या मर्यादेवर जाते, म्हणून सक्तीचा हप्ता १५,००० वर, १,८००. हातात ५४० कमी. खरं तर सरसकट भत्त्यांवर पीएफ लागतो हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलंय, त्यामुळे हे नुसतं संहितेचं म्हणून सोडू नका. तुमच्या वाट्याचेही ५४० वाढतील. ते त्याच्या २८,००० मधून वळते करायचे नाहीत, तो गुन्हा आहे.

आम्ही नोटीस लावली नाही. प्रत्येकाला मोबाइलवर पासबुक उघडून मालकाचा हिस्सा दाखवला. तरी दोघं नाराज राहिलेच. त्यांची वार्षिक वाढ आम्ही दोन महिने अलीकडे घेतली.

– हुपरीचा_हिशेबनीस

*

काकांच्या पत्रावर १९९८ घाला, दुसरी कुठलीही तारीख नको. ग्रॅच्युइटीची सेवा कामावर आल्यापासून मोजतात, पीएफला नाव लागल्यापासून नाही. जुनं हजेरीपुस्तक असेल तर त्या पानाची प्रत जोडा. पत्र नसलेल्या जुन्या माणसांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत पत्र द्यायचंय, तेव्हा हे आधी उरका.

मुदतीच्या माणसाचा बोजा : वेतन १७,००० धरलं तर १५ दिवसांचे, २६ ने भागून, वर्षाला ९,८०८. महिन्याला सव्वाआठशेच्या आत. शिकवलेला ऑपरेटर गेला की नवा तयार होईपर्यंत जेवढा माल रिजेक्ट होतो, त्यापुढे हे काहीच नाही. शिवाय मुदतीवरच्याला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, तेही पत्रात लिहा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. कुणी राजीनामा दिला किंवा काढलं तर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ‘पुढच्या सात तारखेला ये’ चालणार नाही. ग्रॅच्युइटीला मात्र पूर्वीसारखे ३० दिवस आहेत. चाळिशीच्या वरच्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणीही बघा.

– जुना_टाइमकीपर

*

दोघांचेही मनापासून आभार. १७,००० चा हिशेब बाबांना दाखवला, त्यांनाही पटला. अकरा महिन्यांची पत्रं काढणार नाही, सीएनसीच्या पोरांना दोन वर्षांची देतेय. १९९८ चं हजेरीपुस्तक माळ्यावर आहे, शोधते.

एकच विनंती, कुणाकडे मराठीत नेमणूकपत्राचा नमुना आहे का? इंग्रजी पत्र काकांना वाचता येत नाही, आणि न वाचता सही केलेली मला नको आहे.

– शिरोली_मशीनशॉप